एकवटलेला सूर्यप्रकाश पुन्हा पसरवायचाच असेल, तर तो एकवटायचा कशासाठी?

प्रश्न (सुदामानगर, इंदूर)
इंदूरजवळच्या सनावदिया येथे मुलीला शेफलर तबकडी, म्हणजे ऊन चुलीवर एकवटणारा मोठा वक्र आरसा, दाखवायला नेले होते. सूर्य सरकतो तशी तबकडी फिरते आणि प्रकाशाचा झोत मात्र चुलीवरून हलत नाही, हे पाहून तिने विचारले की, अंतराळातल्या वसाहतीतही असेच करतील का? वीज आणि उष्णता यांसाठी प्रकाश एकवटणे मला समजते. परंतु शेतांना व घरांना साध्या उन्हाइतकाच उजेड पुरतो. मग मोठ्या खिडक्या ठेवल्या तर काय बिघडेल?

उत्तर (विजयनगर, इंदूर)
अडचण भिंतीच्या जाडीची आहे. वैश्विक किरणांपासून, म्हणजे अंतराळातून येणाऱ्या अतिवेगवान कणांपासून, आपल्याला पृथ्वीचे वातावरण आणि चुंबकीय क्षेत्र वाचवतात. वसाहतीत ते काम कवचाला करावे लागते. नासाच्या एम्स केंद्रातील १९७५ च्या अभ्यासात १०,००० रहिवाशांच्या वसाहतीसाठी दर चौरस मीटरला सुमारे ४.५ टनांचे कवच धरले होते, आणि अशा कवचात मोठी खिडकी ठेवणे म्हणजे त्याला भगदाड पाडणेच होय. त्या अभ्यासकांनी आरशांच्या नागमोडी मार्गाने प्रकाश आत वळवला. वैश्विक किरण आरशावरून वळत नाहीत, ते कवचात अडतात.

एकवटणे हा दुसरा मार्ग. पृथ्वीच्या कक्षेजवळ दर चौरस मीटरला सुमारे १३६१ वॅट ऊन मिळते, म्हणजे १०० मीटर व्यासाच्या आरशावर १ कोटी वॅटहून थोडे अधिक. आरशाचे नाभीय अंतरही (आरशापासून प्रकाश एकवटतो त्या जागेपर्यंतचे अंतर) १०० मीटर असेल, तर सूर्य बिंदूएवढा न दिसता त्याचे सुमारे ९३ सेंटिमीटरचे बिंब पडते, कारण आकाशात सूर्यच अर्ध्या अंशाहून किंचित मोठा आहे. तरीही तो सारा प्रकाश दीडएक मीटरच्या छिद्रातून आत येऊ शकतो, आणि मला हीच या योजनेची सर्वांत सुंदर बाजू वाटते.

उत्तर (राजेंद्रनगर, इंदूर)
वरील उत्तरात एक भर घालतो. त्या बिंबाजवळ दर चौरस मीटरला दीड कोटी वॅट पडतील, तिथे काच किंवा आरसा टिकणार नाही. म्हणून कवचातले छिद्र मोकळे आणि आतल्या बाजूने फनेलसारखे रुंदावणारे ठेवून, हवा अडवणारी काच झोत पुरेसा पसरल्यावरच बसवावी लागेल.

उष्णतेचा विचार तर आधी हवा. सूर्याच्या ऊर्जेतील निम्म्याहून अधिक भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांचा असतो, तो आत घेणे म्हणजे विनाकारण ताप घेणे. दृश्य प्रकाश परावर्तित करून अवरक्त किरण आरपार जाऊ देणारे आरसे उपलब्ध आहेत. प्रकाश विरळ असतानाच ते वापरावेत. आत आलेली प्रत्येक वॅट शेवटी बाहेर टाकावीच लागते आणि निर्वातात ती केवळ प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपाने, जाते: २७ अंश सेल्सिअस तापमानाचा एक चौरस मीटर काळा पृष्ठभाग जेमतेम ४६० वॅट टाकतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. म्हणजे आरसा किती मोठा घ्यायचा, हे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पृष्ठभागांवरून ठरवावे लागेल. मुलीला मी आरशापासून सुरुवात करून समजावत होतो. आज संध्याकाळी तिच्याबरोबर हा हिशेब उलट्या बाजूने मांडतो.