आय५ ९४००एफ + जीटीएक्स १६५० : मॅकओएस चढलं, पण ग्राफिक्स ७ एमबीच दाखवतंय

लग्नपट_शाहूपुरी
नमस्कार मंडळी. मशीन असं आहे : आय५ ९४००एफ, बी३६० बोर्ड, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६५०, ४५० वॅटचा एसएमपीएस. ओपनकोअरवरून (साध्या पीसीवर मॅकओएस सुरू करणारा बूटलोडर) मॅकओएसची सोनोमा आवृत्ती चढवली. नेट, साउंड, यूएसबी सगळं लागलं. पण विंडो सरकवली की मागं रेघा ओढत येतात, डॉकची पट्टी काचेसारखी न दिसता सपाट करडी दिसते आणि ग्राफिक्ससमोर ७ एमबी. फायनल कट (व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर) उघडत नाही. एनव्हीडियाचा वेब ड्रायव्हर टाकायला गेलो तर इन्स्टॉलरच नाही म्हणतो. एका व्हिडिओत बघून -वेगनोईजीपीयू हे बूट आर्ग्युमेंट (मशीन सुरू होताना द्यायची सूचना) टाकलं तर स्क्रीन काळी. तुळशीच्या लग्नानंतर कामं सुरू होतील, त्याआधी हे मार्गी लावायचंय. ड्रायव्हरचा काही मार्ग आहे का कार्डच बदलायचं?

उद्यमनगर_बेंच
कार्डच बदलायचं भाऊ. ड्रायव्हर शोधण्यात आणखी एक दिवसही घालवू नका.

जीटीएक्स १६५० ट्युरिंग पिढीतलं आहे आणि त्या पिढीसाठी मॅकओएसचा ड्रायव्हर कधी निघालाच नाही. वेब ड्रायव्हर मॅक्सवेल आणि पास्कलपर्यंतचे, म्हणजे जीटीएक्स ९६०, १०५० टीआय वगैरे, आणि तेही हाय सिएरा १०.१३.६ पर्यंतच. २०१८ मध्ये मोहावे आलं तिथं ती वाट बंद झाली. केप्लर या त्याहून जुन्या पिढीची कार्डं बिग सरपर्यंत आपोआप चालायची, मॉन्टेरेत ॲपलने तीही काढली. तुम्हाला दिसतंय ते चित्र नुसतं फर्मवेअरने उभं केलेलं आहे. मेटल (ॲपलची ग्राफिक्स प्रणाली) नाही, म्हणून फायनल कट नाही.

-वेगनोईजीपीयूने काळी स्क्रीन येणारच. ते बाहेरची सगळी कार्डं बंद करून इंटेलच्या आतल्या ग्राफिक्सवर जातं, आणि तुमच्या प्रोसेसरच्या नावातला 'एफ' म्हणजेच आतलं ग्राफिक्स नाही. ते आधी काढा.

आता काय घ्यायचं. जुन्या बाजारात आरएक्स ५७० किंवा ५८० (एएमडीची पोलारिस पिढी), नवीन घ्यायचं तर आरएक्स ६६००. ६६०० ला मॅकओएस १२.१ किंवा पुढचं लागतं, तुमचं सोनोमा आहे म्हणजे प्रश्न नाही. नावं जवळजवळची आहेत म्हणून फसू नका : ६७०० एक्सटी ॲपलच्या ड्रायव्हरमध्ये नाही, ६४०० आणि ६५०० एक्सटी नाहीत, ७००० मालिकेतलं एकही नाही. दुकानदार "६६०० च्या वरचं देतो, भारी आहे" म्हणेल. या कामासाठी ते भारी नाही, बंद आहे.

४५० वॅटच्या एसएमपीएसवर ६६०० सोयीचं, कारण त्याला १३२ वॅट लागतात, ५८० ला १८५. दोन्हींना साधारणपणे आठ पिनची वायर लागते. ती एसएमपीएसमधूनच आलेली हवी, मोलेक्सचा (जुना चार पिनचा प्लग) कन्व्हर्टर जोडून चालवू नका. एक्स्पोर्ट सुरू झाल्यावर लोड तासन् तास राहतो आणि तो प्लग वितळतो.

केक्स्टवाला
वरचं सगळं बरोबर. कार्ड आल्यावर ओपनकोअरच्या कॉन्फिगमध्ये काय बदलायचं ते सांगतो.

एसएमबायओएस (मशीन स्वतःला कोणतं मॅक मॉडेल सांगतं ते) आयमॅक१९,१ ठेवलं असेल तर बदला. त्या मॉडेलमध्ये व्हिडिओ डिकोडिंगचं काम इंटेलच्या ग्राफिक्सकडे असतं, तुमच्याकडे ते नाहीच. मग कार्ड नीट लागलं, मेटल आलं, तरी एच.२६४ च्या क्लिप अडखळतात नाहीतर प्रिव्ह्यू कोरा राहतो, आणि माणूस कार्डाला दोष देत बसतो. आयमॅकप्रो१,१ किंवा मॅकप्रो७,१ घ्या, त्यात सगळं काम एएमडी कार्डच करतं. मॅकप्रो७,१ वर रॅमचे मॉड्यूल चुकीचे बसवलेत अशी सूचना सारखी येते. रिस्ट्रिक्टइव्हेंट्स केक्स्ट (मॅकओएसला जोडायची ड्रायव्हरसारखी फाइल) टाकलं की थांबते.

बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीचं बूट) बंद, अबव्ह ४जी डिकोडिंग चालू. हा पर्यायच नसेल तर बूट आर्ग्युमेंटमध्ये एनपीसीआय=०एक्स२०००. दोन्ही एकदम ठेवू नका.

६६०० घेतलं तर एजीडीपीमॉड=पिकेरा लिहायलाच हवं. नाहीतर सफरचंदाखालची पट्टी शेवटापर्यंत जाते आणि नेमकं लॉगिन यायच्या जागी मॉनिटर झोपतो. मशीन आत चालू असतं, नुसतं चित्र जात नाही. लिलू आणि व्हॉटेव्हरग्रीन हे केक्स्ट असतील तरच हे आर्ग्युमेंट काम करतं, आणि यादीत लिलू आधी. पोलारिसला पिकेरा लागत नाही.

विंडोजसाठी १६५० दुसऱ्या स्लॉटमध्ये ठेवायचं असेल तर त्याच्या पाथवर (कार्ड कुठल्या स्लॉटला आहे तो पत्ता) डिसेबल-जीपीयू = ०१०००००० ही प्रॉपर्टी द्या, म्हणजे तेवढंच एक कार्ड बंद राहतं.

पंचगंगा_घाट
हा धागा पुढं कोणी वाचेल त्यांच्यासाठी : इंटेलची तिसरी पिढी किंवा त्याआधीचा प्रोसेसर असेल तर व्हेंच्युरापासून पोलारिस कार्डंही अडतात, कारण ॲपलच्या एएमडी ड्रायव्हरला एव्हीएक्स२ (प्रोसेसरमधला सूचनांचा एक संच) लागतं. त्यांनी मॉन्टेरेवरच थांबावं.

आणि लग्नपट, तुम्ही गिऱ्हाइकाचं काम घेताय म्हणून लिहितो. ॲपलचा परवाना मॅकओएस फक्त ॲपलच्याच संगणकावर चालवायची मुभा देतो. इंटेलसाठी मॅकओएस २६ ही शेवटची आवृत्ती आहे. हे लक्षात घेऊन किती पैसे गुंतवायचे ते ठरवा.

लग्नपट_शाहूपुरी
सगळ्यांचे आभार. राजारामपुरीत एक जुनं ८ जीबीचं आरएक्स ५८० बघून आलो. दुकानातच जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम) चालवायला लावलं. डिव्हाइस आयडी १००२ ६एफडीएफ, शेडर्स (कार्डातले गणना करणारे घटक) २०४८, खाली यूईएफआयच्या (नव्या पद्धतीचं फर्मवेअर) चौकोनात टिक नाही. घ्यावं का?

उद्यमनगर_बेंच
आयडी बघितलात हे फार बरं केलंत. पूर्ण ५८० चे शेडर्स २३०४ असतात आणि आयडी ६७डीएफ. तुम्ही बघितलंय ते '२०४८एसपी', म्हणजे ताकदीने ५७०. त्यामुळे भाव ५७० चाच लावायला सांगा.

६एफडीएफ मॅकओएस आपणहून ओळखत नाही, आयडी बदलून द्यावा लागतो. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या डिटेल्समध्ये 'लोकेशन पाथ्स' बघा. पीसीआयरूट(०)#पीसीआय(०१००)#पीसीआय(००००) असं काही असेल. ओपनकोअरमध्ये तोच पाथ पीसीआयरूट(०एक्स०)/पीसीआय(०एक्स१,०एक्स०)/पीसीआय(०एक्स०,०एक्स०) असा लिहायचा. त्याखाली डिव्हाइस-आयडी, प्रकार डेटा, व्हॅल्यू डीएफ६७००००. बाइट उलट्या क्रमाने जातात, ६७डीएफ सरळ लिहिलं तर काहीच होणार नाही.

मला जास्त काळजी त्या रिकाम्या चौकोनाची वाटते. यूईएफआय नाही म्हणजे बहुतेक क्रिप्टो मायनिंगसाठी बदललेला बायोस आहे. सीएसएम बंद केलं की असं कार्ड सुरुवातीला चित्रच देत नाही, आणि स्लीपमधून उठताना मशीन अडकतं. कार्डाच्या वरच्या कडेला बारीक सरकता स्विच आहे का बघा. असेल तर पॉवर काढून तो दुसरीकडे सरकवा आणि जीपीयू-झेड परत चालवा. मूळ बायोस बऱ्याचदा तिथं शाबूत असतो, टिक येईल.

स्विच नसेल तर मूळ बायोस एएमडीव्हीबीफ्लॅशने परत टाकता येतो, पण आधी आताचा बायोस जीपीयू-झेडमधून सेव्ह करून ठेवा, आणि नवा बायोस त्याच कंपनीच्या त्याच मॉडेलचा, ८ जीबीचा आणि त्याच मेमरी चिपचा (सॅमसंग, हायनिक्स, मायक्रॉन जे असेल ते) घ्या. मेमरी जुळली नाही तर स्क्रीनवर रंगीत ठिपके येतात. हा खटाटोप दुकानदाराने त्याच्या टेबलावर करून दाखवला आणि टिक आली तर घ्या. "घरी नेऊन करा, होतंय" म्हणाला तर तिथंच सोडा आणि ६६०० बघा.

लागल्यावर सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये दोन ओळी बघायच्या : व्हीरॅम (कार्डाची मेमरी) ८ जीबी आणि 'मेटल सपोर्ट'. दोन्ही आल्या की ईएफआय फोल्डर (ओपनकोअरच्या फाइल्स) पेनड्राइव्हवर कॉपी करा आणि ऑटोमॅटिक अपडेट बंद करा.