मदत हवी आहे : राल्फ हॉप्टनच्या लेखात तारखा कोणत्या कालगणनेने द्याव्यात?

नमस्कार मंडळी. इंग्लंडच्या यादवी युद्धात राजाच्या बाजूने लढलेला सेनापती आणि खासदार सर राल्फ हॉप्टन याच्यावर शाळेच्या वार्षिकासाठी हजार शब्दांचा लेख लिहितोय. माणूस विलक्षण. डिसेंबर 1641 मध्ये संसदेचं तक्रारपत्र राजाला यानेच नेऊन दिलं आणि वर्षभरात राजासाठी तलवार उपसली. 5 जुलै 1643 ला लॅन्सडाउनच्या टेकडीवर लढला. दुसऱ्या दिवशी शेजारीच बंदुकीच्या दारूच्या गाडीचा स्फोट होऊन इतका भाजला की काही काळ डोळ्यांना दिसेना.

अडलंय ते तारखांपाशी. तेव्हा इंग्लंडात जुनं ज्युलियन पंचांग होतं, म्हणजे ती 5 जुलै आजच्या ग्रेगोरियन पंचांगाप्रमाणे 15 जुलै. शिवाय त्यांचं नवं वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे फेब्रुवारीतली टॉरिंग्टनची लढाई एका पुस्तकात 1645 ची, दुसऱ्यात 1646 ची. हॉप्टन 1652 मध्ये वारला तो ब्रूजला (आजच्या बेल्जियममध्ये), आणि तिथे ग्रेगोरियन चालू होतं!

दहा दिवस मिळवून सगळ्या तारखा बदलून पाहिल्या, पण मग त्या कुठल्याच इंग्रजी पुस्तकाशी जुळेनात. तळटीपा देता येणार नाहीत, वाचक आठवी-नववीचे. शिवजयंतीची 19 फेब्रुवारी 1630 ही तारीखही ज्युलियनच आहे, म्हणून वाटतं की दिवस-महिना ज्युलियनच ठेवावा आणि वर्ष तेवढं 1 जानेवारीपासून धरावं.

मराठी इतिहासलेखनात हीच पद्धत रूढ आहे का? आणि ब्रूजची तारीख द्यायची झाली तर ती कोणत्या पंचांगाने?