'पडद्याचं अनुपालन'? कम्प्लायन्सला मराठीत काय म्हणावं

अर्धविराम
जुन्या ग्रामोफोनवरचा एक लेख मराठीत आणते आहे. बेल प्रयोगशाळेतल्या मॅक्सफील्ड आणि हॅरिसन यांनी सुई, पडदा आणि कर्णा मिळून जणू टेलिफोनच्या तारांवरचं फिल्टरच आहे असं धरून गणित मांडलं आणि त्यातून १९२५ चा ऑर्थोफोनिक व्हिक्ट्रोला हा ग्रामोफोन निघाला. वस्तुमान म्हणजे कॉइल, घर्षण म्हणजे रोध, इथवर लिहून झालं. पडद्याच्या कडेचा 'कम्प्लायन्स' (ठरावीक बलाने ती किती दबते, ते माप) म्हणजे कपॅसिटर, इथे अडले. कोशात 'अनुपालन' मिळतं, पण ते बँकेच्या पत्रातलं. पडदा कुठल्या नियमाचं पालन करतो? 'लवचिकता' लिहिलं तर संपादकांनी खोडलं. म्हणाले, तो नुसता गुण झाला, इथे मोजायची राशी हवी.

शुद्धमती
नम्यता. नमणे, नम्य, नम्यता. सरळ आहे.

दोन ओहम
नम्यता वाचताना डोळा 'नम्रता'वर घसरतो. माझं मत 'लव'. लवणे हे क्रियापद घरचं आहे: डोळ्याचं पातं लवतं, फांदी लवते, खोलगट जमिनीला लवण म्हणतात. एका न्यूटनला किती मीटर लवला, तो त्याचा लव. मला तर वाटतं लव्हाळ्याचं नावही यातूनच पडलं असावं.

निवृत्त मास्तर
लव्हाळ्याचं राहू द्या, त्याला आधार लागेल. नववीच्या फळ्यावर 'लव' लिहून पाहा, पुढची दहा मिनिटं वर्ग हातात राहणार नाही. एकतीस वर्षं शिकवलंय म्हणून सांगतो.

चोकवाला
मूळ वाक्यातच मला खटकतंय. वस्तुमान म्हणजे कॉइल हे कुणी ठरवलं? आम्हाला कॉलेजात वस्तुमान म्हणजे कपॅसिटर असं शिकवलं होतं. अर्धविरामताई, लेख एकदा तपासा.

दोन ओहम
दोन्ही बरोबर आहेत, आणि ताईंच्या लेखातलं जुन्या पद्धतीचं आहे. त्यात बल म्हणजे व्होल्टेज, वेग म्हणजे प्रवाह. ट्यूबलाइटचा चोक आठवा, तीही कॉइलच. प्रवाह वाढताना तो आडवा येतो, तुटताना सोडत नाही. भरलेली हातगाडी अशीच हलवायला जड आणि थांबवायलाही जड. १ किलोचं वजन १०० न्यूटन प्रतिमीटरच्या स्प्रिंगला टांगलं तर ते सेकंदाला साधारण १.६ झोके घेतं. १ हेन्रीची कॉइल आणि ०.०१ फॅरडचा कपॅसिटर जोडा, तेवढीच वारंवारता मिळते. लवचा आकडा थेट फॅरडच्या जागी बसतो.

तुम्ही शिकलात ती १९३३ साली फायरस्टोन नावाच्या शास्त्रज्ञाने मांडलेली उलटी जोडी. तिथे बल म्हणजे प्रवाह, कारण ते वस्तूतून आरपार जातं. वेग म्हणजे व्होल्टेज, कारण तो दोन टोकांमध्ये मोजायचा. माझा ओढा तिच्याकडे आहे. गाडीचा स्प्रिंग आणि शॉकअप शेजारी शेजारी बसवलेले असतात, दोघांची टोकं एकाच वेगाने हलतात. जुन्या पद्धतीत वेग एक म्हणजे प्रवाह एक, म्हणून कागदावर त्यांची एकसर जोडणी काढावी लागते. डोळ्यांना समांतर दिसतं आणि आकृती एकसर, इथेच पोरं चुकतात. फायरस्टोनकडे समांतर ते समांतरच राहतं.

चोकवाला
हे मला आज कळलं. मग फायरस्टोनच्या पद्धतीत वस्तुमानाच्या जागी येणाऱ्या कपॅसिटरचं एक टोक कायम जमिनीला का, तेही सांगा.

दोन ओहम
वस्तुमानाचं त्वरण जमिनीच्या संदर्भातच मोजतो म्हणून. दोन्ही टोकं मोकळी असलेल्या कपॅसिटरला यंत्रात जोडीदारच नव्हता. केंब्रिजच्या माल्कम स्मिथ यांनी २००२ साली तो मांडला, त्याला इनर्टर म्हणतात. २००५ साली मॅक्लारेनच्या शर्यतीच्या गाडीत तो बसलाही.

शुद्धमती
कपॅसिटर, कॉइल, शॉकअप! धारित्र, वेटोळे हे शब्द असताना? शब्दचर्चेत तरी ते वापरू या. वापरले नाहीत तर ते मरतात.

निवृत्त मास्तर
धारित्र मी आयुष्यभर फळ्यावर लिहिलं आणि घरी पंखा फिरेना तेव्हा 'कंडेन्सर गेला' म्हणालो. कंडेन्सर हा शब्द व्होल्टाचा, १७८२ चा. इंग्रजीने तो बऱ्याच अंशी सोडला, आपल्या इलेक्ट्रिशियनांनी जपला. मला तो परका वाटत नाही.

शुद्धमती
मास्तर, तुमचा मान राखून सांगते, दुकानातला शब्द आणि पुस्तकातला शब्द यांची कामं वेगळी आहेत. धारण करतो म्हणून धारित्र. मूल शब्द फोडून अर्थ लावू शकतं. कंडेन्सर फोडून त्याला काय मिळणार?

पाटेवाला
आमचं ट्रकच्या पाट्यांचं, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगचं, काम आहे. तुमचं गणित मला येत नाही, पण कम्प्लायन्स काय ते कळलं. पाटा कमी दबला तर आम्ही 'कडक' म्हणतो, जास्त दबला तर 'नरम'. एक पान काढलं की नरमाई वाढते. गिऱ्हाईकही हेच बोलतं.

अर्धविराम
नरमाई! हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. 'पडद्याच्या कडेची नरमाई' वाचायलाही बरं वाटतं.

शुद्धमती
नरम फारसी आहे.

पाटेवाला
कमानही फारसीच ना? माझे वडील पाट्यांना कमानच म्हणायचे.

निवृत्त मास्तर
कमान म्हणजे धनुष्य. पण घड्याळातल्या गुंडाळलेल्या पट्टीलाही कमान म्हणताना मी ऐकलंय, आणि तिचा आकार धनुष्यासारखा मुळीच नाही. मग तिथे हा शब्द कसा गेला? कुणाच्या घरात घड्याळं दुरुस्त होत असतील तर लिहा.

चोकवाला
आमच्या आजोबांकडे व्हायची. ते 'फनर' म्हणायचे, कमान नाही. आईला विचारून सांगतो.