संगणकात एकाच आज्ञेला दिलेल्या दुसऱ्या नावाला, म्हणजे एलियसला, मराठीत काय म्हणाल? उपनाम, उर्फ, टोपणनाव...

कासवछाप: सातवीच्या पोरांसाठी लोगोची छोटी पुस्तिका करतोय (लोगो म्हणजे पडद्यावरच्या कासवाला आज्ञा देऊन चित्रं काढायची संगणकभाषा). फॉरवर्ड १०० म्हटलं की कासव शंभर पावलं पुढे जातं, त्याचंच छोटं रूप एफडी, ते लोगोत आधीपासून आहेच. पण पोरांना स्वतःचा शब्द हवा असतो, त्यासाठी बर्कली लोगो या लोगोच्या एका आवृत्तीत कॉपीडेफ ही आज्ञा आहे, ती जुन्या आज्ञेला नवं नाव देते, आधी नवं नाव मग जुनं, म्हणजे कॉपीडेफ "चल "फॉरवर्ड, की चल १०० ला पण कासव चालतं (टाइप रोमनमध्येच करायचं, ते सोडा). धड्याला नाव दिलं 'आज्ञांची उपनामे'. बायको म्हणाली, आज्ञांना आडनावं कशाला? आता काय लिहू?

वऱ्हाडी_ठेचा: वहिनींचं बरोबर आहे. हिंदीत निराला हे उपनाम, आपल्याकडे ते टोपणनाव. गोविंदाग्रज, बालकवी यांची उपनामं विचारली तर मी गडकरी, ठोंबरे सांगेन. टोपणनाव लिहा, विषय संपला.

शुद्धमती: संपला कसा? टोपणनाव माणसाला असतं. 'पर्यायनाम' घ्या.

रिकामा_मामा: पर्यायनाम सातवीतलं पोरगं म्हणेल? उर्फ घ्या की. लग्नपत्रिकेत 'उर्फ पिंकी' सगळ्यांनी वाचलेलं असतं.

शुद्धमती: उर्फ अरबी आहे. महाराजांनी राजव्यवहारकोश करून घेतला तो असले शब्द काढायलाच ना?

रिकामा_मामा: हो, आणि तरी आपण अर्ज, वकील, हजर म्हणतोच. दिनांक रुजला, मान्य, पण घरी तारीखच विचारतो ना?

बिटबाबा: शब्दाआधी काम काय चाललंय ते बघा. चौरस नावाची आज्ञा केली, कॉपीडेफने तिचंच 'डबा' केलं, नंतर चौरस नव्याने लिहून मोठा केला, तर डबा जुन्याच मापाचा राहतो. उर्फमध्ये असं होईल का? पिंकीची उंची वाढली तर दोन्ही नावांची वाढते. म्हणून ही 'नक्कल'. याउलट टू डबा (टू म्हणजे नव्या आज्ञेची सुरुवात), खाली चौरस, खाली एंड असं लिहिलं तर डबा दर वेळी चौरसला विचारतो, तो निरोप्या. पुस्तिकेत दोन्ही असतील तर एकच शब्द चालणार नाही.

माहेरवाशीण: लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने माझं नवं नाव लिहिलं, पण माहेरी जुन्या नावाने हाक आली तरी ओ देतेच. आणि सासरी कितीही बदलले तरी माहेरी मी तीच, म्हणजे मी कॉपीडेफच झाले की!

वऱ्हाडी_ठेचा: 😄 याला आपल्याकडे फोरमवर डुआयडी म्हणतात, एकाच माणसाचं दुसऱ्या नावाचं खातं.

शुद्धमती: विनोद पुरे. टोपण म्हणजे झाकण, खरं नाव झाकतं ते टोपणनाव. एफडीने फॉरवर्ड कुठे झाकलं जातं?

रिकामा_मामा: ही व्युत्पत्ती तुमची घरची दिसते. मला तर टोपीसारखं वर घातलेलं नाव वाटायचं.

कासवछाप: मंडळी, पुस्तिका उद्या छापायला द्यायचीय. नक्कल लिहिलं तर पोरं परीक्षेतली कॉपी समजतील.

माहेरवाशीण: आमच्याकडे पेनाच्या टोपणाला टोपीच म्हणतात, आणि बाटलीचं ते बूच. तुमच्याकडे?

वऱ्हाडी_ठेचा: पेनाचं झाकण. बूच फक्त लाकडाचं.

शुद्धमती: बूच लाकडाचंच असतं असं कोणी सांगितलं?