वीसच्या आत पट असलेली गावातली शाळा: राहू द्यायची की जोडायची?

पैनगंगाकाठ (धागाकर्ता)
आमच्या गावची जिल्हा परिषद शाळा पहिली ते चौथी. पट अठरा. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे. मागच्या आठवड्यात केंद्रप्रमुख येऊन गेले आणि जाता जाता म्हणाले, शेजारच्या गावच्या शाळेत समायोजन होऊ शकतं, पालकांचं मत काढून ठेवा. शेजारचं गाव अडीच किलोमीटर, मधे नाला.

माझं मत आधीच सांगतो. चौथीपर्यंतची शाळा गावातच हवी, मग पट दहा का असेना. पाचवीपासून पुढे जोडा, माझी हरकत नाही. पण आधी गाडी सुरू करा, मग कुलूप लावा.

दुसरं म्हणजे हा अठराचा आकडाच मला पटत नाही. वर्गात वीस लेकरं बसतात. दोघांचं आधार जुळत नाही, एकाच्या नावात वेलांटीचा घोळ, दुसऱ्याची जन्मतारीख वेगळी. शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरवणाऱ्या संचमान्यतेला ती धरतच नाहीत. खिचडी खातात, पाढे म्हणतात, फळ्यावर गणित सोडवतात, फक्त पटावर नाहीत.

बोला मंडळी.

निवृत्त मुख्याध्यापक
भावना समजते, पण जरा वर्गात डोकावा. अठरा मुलं, चार इयत्ता. म्हणजे तिसरीत चार, चौथीत कदाचित दोन. गुरुजी पहिलीला अक्षरं गिरवायला लावतात तोवर चौथीवाले पाठ उतरवून काढतात. याला आम्ही बहुवर्ग अध्यापन म्हणतो, प्रशिक्षणात ते फार छान वाटतं. दोन शिक्षकांपैकी एक मतदार यादीच्या कामावर, नाहीतर तालुक्याला बैठकीला. उरला एक. चौथीतल्या मुलीला वर्गात बरोबरीची मैत्रीण नाही, चुरस नाही, खेळायला धड कबड्डीचा संघ नाही. अशा शाळेचा अभिमान कसला धरायचा? जोडल्यावर इयत्तेला एक शिक्षक मिळेल, हे मी मुलांच्या बाजूने बोलतोय.

पोडावरची ताई
सर, मिळेल की मिळावा? मी जिवती तालुक्यात आहे, कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर. पहिलीतलं लेकरू घरी कोलामी बोलतं. आमच्या गुरुजींना ती बोली येते म्हणून ते लेकरू तोंड उघडतं. मोठ्या शाळेत तेच मागच्या रांगेत बसेल आणि दिवाळीनंतर यायचं बंद होईल.

शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत धरलेली आहे. त्यापेक्षा लांब असेल तर वाहतूक भत्ता. तो भत्ता वर्ष सरत आल्यावर खात्यात येतो. रोज सकाळी लेकरू पोचवायचं कोणी? आई निंदणीला जाते, बाप मजुरीला.

कपाशीवाला
मी सरळ बोलतो, राग नका येऊ देऊ. पट कमी झाला काहून? गावात पोट्टे नाहीत म्हणून नाही. सकाळी सात वाजता कॉन्व्हेंटची पिवळी गाडी येते, पंधरा पोट्टे घेऊन जाते. धागाकर्त्याले इचारतो, तुमचं पोरगं कोणत्या शाळेत हाये? आणि गुरुजींचं? तालुक्याले ना? मंग कुलूप लागलं तर रडायचं कायले?

पैनगंगाकाठ
माझी मुलगी याच शाळेत दुसरीत आहे, म्हणून तर धागा काढला. मोठा मुलगा पाचवीपासून तालुक्याला जातो हेही खरं. पण ज्यांच्याकडे गाडीची फी भरायला पैसे नाहीत त्यांची अठरा लेकरं उरली आहेत. गाडीवाल्यांनी शाळा सोडली म्हणून या अठरांनी पण सोडावी, हा कुठला न्याय?

टपालवाला गुरुजी
नाव लिहित नाही, नोकरीत आहे. दोन्हीकडचं बोलतो.

पहिलं, कायद्याच्या परिशिष्टात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक दिलेत. त्यामुळे अठरा मुलांना दोन शिक्षक हा लाड नाही, किमान आहे. दुसरं, कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक काम देऊ नये असं स्पष्ट आहे. प्रत्यक्षात यू-डायसवर शाळेची माहिती भरा, शालार्थवर पगाराची, पोषण आहाराची रोजची नोंद, आणि ग्रुपवर 'तात्काळ' लिहिलेली माहिती. परवा फळ्यावर भागाकार अर्धा सोडून मी गच्चीवर रेंज शोधत होतो. मुलं खाली वाट पाहत होती. शाळा जोडल्याने हे काम घटत नाही, शिक्षक वाढले की निदान वाटून घेता येतं.

पण सहावी ते आठवीबाबत मी मुख्याध्यापक सरांच्या बाजूचा. तिथे विज्ञान-गणित, भाषा, सामाजिक शास्त्रं यांना वेगवेगळे शिक्षक लागतात. पट बारा असेल तर ते कुठून येणार? १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयाने तर कमी पटाच्या वरच्या वर्गांची पदंच धोक्यात आणली, त्यावरून संघटनांनी केवढं रान उठवलं ते आठवत असेल. पदच नसेल तर नुसत्या इमारतीचं काय करायचं?

निवृत्त मुख्याध्यापक
तेच म्हणतोय. आणि समूह शाळा, म्हणजे लहान शाळा जोडून एक मोठी शाळा, ही काही हवेतली गोष्ट नाही. २०२३ मध्ये शिक्षण खात्याने प्रस्ताव मागवले तेव्हा तोरणमाळ आणि पानशेत अशी दोन उदाहरणं समोर ठेवली होती. तिथे झालं.

पोडावरची ताई
एक नंदुरबारात, एक पुणे जिल्ह्यात. तोरणमाळला राहायची सोय आहे, पानशेतला कंपन्यांचा पैसा लागला. आमच्या डोंगरात जुलैत नाला भरला की एसटी वळसा घेत नाही, सरळ बंद होते. मानव विकास योजनेची निळी बस आहे, ती मोठ्या मुलींसाठी. सहा वर्षांच्या पोरीला कोण चढवेल?

आणि २०१७ साली दहाच्या आत पट असलेल्या १,३१४ शाळा हलवायचं ठरलं होतं, तेव्हाही 'समायोजन' असंच म्हटलं होतं. त्यातली किती मुलं नव्या शाळेत टिकली ते आधी मांडा, मग पुढची यादी काढा.

कपाशीवाला
ताईचं हे पटलं. आमच्या बाजूच्या तांड्यावर दसरा झाला की घरंच्या घरं ऊसतोडीले जातात. पट धरतात ३० सप्टेंबरचा, तवा सगळे हजर. नोव्हेंबरात साहेब आला तर वर्ग अर्धा रिकामा. हंगामी वसतिगृह कागदावर असते, आजीच्या भरवशावर दोन-तीन पोट्टे मागं राहतात. ते कोणत्या शाळेत गेले, जोडलेल्या की तोडलेल्या, कोणाले काय फरक पडते?

टपालवाला गुरुजी
फरक पडतो, भाऊ. गावात शाळा असली की मी आजीच्या दारात जाऊन पोराला उठवून आणतो. दुसऱ्या गावच्या गुरुजीला तुमच्या आजीचं दार माहीत नसतं.

पैनगंगाकाठ
आता कामाचं बोलू. समितीचा ठराव कसा लिहायचा? केंद्रप्रमुखांना नुसता विरोध कळवून भागणार नाही.

निवृत्त मुख्याध्यापक
मी जोडण्याच्या बाजूचा, तरी सांगतो. "विरोध आहे" एवढंच लिहू नका. अंतर किती, रस्ता कच्चा की पक्का, नाला कुठे, पावसाळ्यात किती दिवस बंद, हे लिहा. गाडी कोण देणार आणि भत्ता दरमहा मिळणार का, हे लेखी मागा. त्या दोन लेकरांचं आधार ठरावाआधी दुरुस्त करून घ्या, आधार केंद्रावर जन्मदाखला घेऊन जा. आणि पट अठरा आहे तिथे वीस दाखवा, खोटं नाही, खरेच वीस आहेत ना.

पोडावरची ताई
सह्या आयांच्या घ्या. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असायला हव्यात असं कायदाच सांगतो. इतिवृत्तात बायकांची नावं असतात, सभेला त्यांचे नवरे येतात. या वेळी त्यांनाच बसवा.

कपाशीवाला
सभा कवा ठेवता? सोयाबीन सोंगणीत ठेवली तर एक पण बाई येणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो. पोळ्याच्या आधी घ्या.