एचएफ गायीला रात्री पण धाप लागतेय, दूध आणि फॅट दोन्ही उतरलं (ग्वाल्हेर)

मुरारकर:
नमस्कार मंडळी, आम्ही ग्वाल्हेरला मुरारच्या बाहेरच्या बाजूला राहतो, घरच्या दोन गायी आहेत, एक एचएफ क्रॉस (होल्स्टीन फ्रिजियन या विदेशी जातीचा संकर) आणि एक देशी गीर. नौतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) लागल्यापासून एचएफचं दूध 14 लिटरवरून 9 वर आलं, फॅट 3.8 ची 3.1 झाली. गीर मात्र जशीच्या तशी. दोघी एकाच पत्र्याखाली, तोच पंखा, तोच भुसा. काल रात्री 11 ला गोठ्यात गेलो तर ही उभीच, मान पुढे ताणलेली, तोंड उघडं, लाळेची तार गव्हाणीपर्यंत लोंबतेय, कुशीकडे बघून मोजलं तर मिनिटाला 84 श्वास. ताप 103.8. डॉक्टर बघून गेले, इन्फेक्शन नाही, गर्मी आहे एवढंच म्हणाले. पण गर्मीने फॅट कशी काय उतरते? आणि आई दुपारी पाठीवर ओलं पोतं टाकते ते बरोबर का? सांगा ना कोणी, बघवत नाही हो तिच्याकडे.

महूची_व्हेट:
दादा, पोतं आधी काढा. घाम आणि पाणी वाऱ्याने उडतं तेव्हाच अंग गार होतं, पोतं वाराच अडवतं.
आता फॅटचं. गर्मी फक्त बाहेर नाहीये, तिच्या पोटात पण भट्टी आहे. रुमेनमध्ये (पोटाच्या सगळ्यात मोठ्या कप्प्यात) वैरण आंबते त्याची उष्णता निघते, भुशाची जास्तच, म्हणून ती स्वतःच खाणं कमी करते आणि त्यात पण भुसा सोडून पेंड उचलते. रवंथ कमी झाला की लाळ कमी गिळली जाते, आणि लाळेतच तर रुमेनचा आम्लपणा मारणारा सोडा, म्हणजे बायकार्बोनेट, असतो. इकडे धापेने कार्बन डायऑक्साइड भराभरा बाहेर जातो, रक्त अल्कलाइन होतं, ते सावरायला किडनी बायकार्बोनेट लघवीतून टाकते, म्हणजे लाळेत जायला सोडा आणखी कमी. उरलेली लाळ तुम्ही बघितलीच, गव्हाणीत. रुमेन आंबट झालं की फॅट पडणारच.
दूध तर नुसतं कमी खाण्याने पण इतकं पडत नाही, रक्त कातडीकडे वळतं, आतड्यांना कमी मिळतं, शरीर ग्लुकोज दुसरीकडेच खर्च करतं. आणि दुधावर परिणाम एक-दोन दिवसांनी दिसतो, त्यामुळे आज ढग आले तरी उद्या लगेच 14 लिटर होईल असं नाही.
गीरला घामाच्या ग्रंथी जास्त, केस आखूड, आणि मुळात दूध कमी म्हणून आतली उष्णता पण कमी.
रात्रीचं सांगितलंत ते फार महत्त्वाचं आहे. दुपारी 44 डिग्री आणि 20 टक्के दमटपणा धरला तर टीएचआय (तापमान आणि दमटपणा मिळून काढलेला आकडा) 88 च्या आसपास येतो, आणि रात्री 32 डिग्री, 35 टक्के धरले तरी 78. जास्त दुधाच्या गायीला त्रास 72 च्या आधीच सुरू होतो. दिवसभर साठलेली उष्णता रात्री बाहेर टाकायची असते, तुमच्याकडे तिला तेवढी रात्रच मिळत नाहीये. इंदूरकडे माळव्यात रात्र जरा गार असते, तिथे गायी निदान पहाटे तरी सावरतात.

बडोदेकर_गोठा:
ताईंनी सगळं सांगितलंच, माझं एवढंच की भुशाचा मोठा वाटा रात्री 8 नंतर आणि थोडा पहाटे द्या, खाल्ल्यावर काही तासांनी पोटातली उष्णता सगळ्यात जास्त असते, ती दुपारी यायला नको. पाण्याचं टाकं सावलीत ठेवा. सोडा द्यायचाच तर डोस डॉक्टरांना विचारून, आणि पोटॅशियमचं पण विचारा, गायीच्या घामातून ते बरंच जातं. तुमच्याकडे कोरडी हवा आहे तोवर फॉगर (बारीक तुषार उडवणारं यंत्र) चालेल. आमच्या बडोद्यात जुलैत फॉगर लावला की गोठ्यात नुसती वाफ होते, तेव्हा अंग भिजवून जोरात पंखा हाच उपाय.
आणि आटवलेली गाभण गाय असेल कोणाकडे तर तिला "दूध देत नाही ना" म्हणून उन्हात बांधू नका रे. शेवटच्या दोन महिन्यांत कास बनत असते, ती तापली तर पुढच्या वेताचं दूध जातं. मी हे एकदा करून बसलोय, अजून वाईट वाटतं.

मुरारकर:
ताई, दादा, खूप आभार. पोतं काढलं, आईला नीट समजावलं. चार दिवस झाले, दुपारी दर अर्ध्या तासाने पाइपने भिजवून पंखा मारतोय, भुसा रात्री. काल 11 ला 61 श्वास होते. दूध साडेनऊच आहे अजून, पण 2 वाजता उठून बघितलं तर बसली होती आणि रवंथ करत होती.

महूची_व्हेट:
बसली हे फार चांगलं झालं. आता या महिन्यात माजावर आली तर लक्ष ठेवा, उन्हाळ्यात माज मुका (खुणा फारशा न दिसणारा) आणि थोडाच वेळ असतो, रात्रीच दिसेल. आणि भरवलीत तर पहिला आठवडा तरी तिला अजिबात तापू देऊ नका, गर्भ तेव्हाच सगळ्यात नाजूक असतो.