पहिलीचं वर्ष घरीच : आखणी कशी करावी? (लेक, वय ६)

टिकलीबाई
लेकीला आता सहा पूर्ण होतील. पहिलीचं वर्ष घरीच करायचं असं आमचं दोघांचं ठरलंय. ते बरोबर की चूक हा धाग्याचा विषय नाही, कृपया त्यावर पानं भरू नका. कागदपत्रांचं, परवानगीचं सगळं उरकलंय.

हाताशी काय आहे ते सांगते. सकाळचा दीड तास, मग माझं काम सुरू होतं. वाचनालयाचं कार्ड. विकतच्या अभ्यासक्रमासाठी पैसे नाहीत, म्हणजे खरंच नाहीत. प्रिंटर नाही. धाकटा दोन वर्षांचा आहे आणि हाताला लागेल ते तोंडात घालतो. लेक डावरी आहे. अक्षरं थोडीफार ओळखते. पन्नासपर्यंत घडाघडा म्हणते, पण वस्तू मोजताना बोट मागे राहतं आणि तोंड पुढे जातं.

मराठी वाचन कुठून सुरू करू? गणितात वर्षभरात कुठवर जावं? आणि सगळ्या वर्षाची आखणी आधीच करून ठेवावी की जमेल तसं पुढे जावं?

सुबक_नेटकी
मनापासून सांगते, तयार संच घ्या. आम्ही पूर्ण वर्षाचा खोका मागवला होता. रोजचं पान ठरलेलं, हस्तकलेचं सामानसुद्धा आत. महाग आहे, पण डोक्याला ताप नाही. आणि लॅमिनेटर घ्याच घ्या! एकदा कार्डं लॅमिनेट केली की धाकट्यालाही उपयोगी पडतात. प्रिंटर रंगीतच बघा, काळ्यापांढऱ्यात मुलांना मजा येत नाही.

बाबा_वैतागे
त्यांनी प्रिंटर नाही असं लिहिलंय. पैसे नाहीत असंही लिहिलंय, दोनदा.

असला खोका आमच्याकडेही आला होता. निम्मं पुस्तक नुसतं 'कापा आणि चिकटवा'. कापायचं मी, चिकटवायचं मी, आणि लेक खोक्यात बसून बोट बोट खेळतोय. खोका मात्र दणकट होता.

चिरंजीवाची_आई
एवढं टेन्शन कशाला घेता? आमच्या चिरंजीवांना मुद्दाम काहीच शिकवलं नाही, चौथ्या वर्षी वर्तमानपत्राचे मथळे वाचायला लागले. घरात पुस्तकं हवीत, बाकी मुलं आपली आपण शिकतात. तुमची सहाची होतेय आणि अजून अक्षरंच ओळखतेय का? असो, प्रत्येक मूल वेगळं.

निवृत्तबाई
वरच्या प्रतिसादाकडे लक्ष देऊ नका. सहाव्या वर्षी अक्षरं थोडीफार ओळखणं अगदी नेहमीचं आहे.

वर्णमालेच्या क्रमाने जाऊ नका. अ अननसाचा करत ज्ञपर्यंत पोचेस्तोवर मूल कंटाळतं आणि हाती एकही शब्द लागलेला नसतो. ज्यांचे लगेच शब्द होतात अशी पाच-सहा अक्षरं घ्या. मी न, म, र, क, ग, ब आणि सोबत काना घेत असे. एवढ्यात नाक, कान, मान, राग, बाक, मगर, गरम हे सगळे शब्द निघतात. 'काका, गा ना' हे अख्खं वाक्य त्यातच होतं, आणि ते वाचता आलं की मुलं घरभर ओरडत सुटतात. मग दर आठवड्याला दोन-तीन अक्षरं वाढवायची.

काना पक्का झाल्यावर दुसरी वेलांटी, मग पहिली. पहिल्या वेलांटीची गोची अशी की ती लिहायची अक्षराच्या आधी आणि म्हणायची नंतर. मुलं ती भलत्याच अक्षराला लावतात. तिढा लिपीचा आहे, मुलीवर रागावू नका. त्यानंतर उकार, मात्रे, अनुस्वार. जोडाक्षरं वर्षाच्या शेवटच्या भागात. सूर्यातला र, चक्रातला र आणि सुऱ्यांमधला र हे तर त्याहूनही उशिरा.

डावरी असेल तर कागद उजवीकडे कलता ठेवा, उजेड उजव्या बाजूने येऊ दे आणि पेन्सिल टोकापासून जरा वर धरायला शिकवा. नाहीतर लिहिलेलं सगळं तळहाताखाली फासलं जातं. डावरी मुलं शिरोरेषा बरेचदा उजवीकडून डावीकडे ओढतात. ओढू द्या.

कायद्याचं_बोला
परवानगीचं उरकलं म्हणजे नक्की काय उरकलं? लोक हे फार हलक्यात घेतात. जर्मनीत होमस्कूलिंग चालतच नाही, तिथे मुलाला शाळेतच जावं लागतं. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम निराळा, कुठे नुसतं कळवायचं तर कुठे दरवर्षी मूल्यमापन. तुम्ही कुठल्या देशात आहात ते लिहिलेलं नाही. ते कळल्याशिवाय सल्ला देणं बेजबाबदारपणाचं आहे.

टिकलीबाई
उरकलंय हो. कागद फाइलला लावलेत.

निवृत्तबाई, प्रतिसादाची वाचनखूण साठवली. शिरोरेषेचं अगदी खरं, ती तशीच ओढते आणि मी रोज टोकत होते.

मनमोकळी
पण मुलांची सोबत? माझ्या नणंदेच्या मैत्रिणीचा मुलगा घरीच शिकला, तो आता कुणाशीच बोलत नाही.

बाबा_वैतागे
माझा चुलतभाऊ बारा वर्षं शाळेत गेला. तोही कुणाशीच बोलत नाही.

मनमोकळी
विषय हसण्यावारी नेऊ नका. धागा सल्ल्याचा आहे म्हणून काळजीने लिहिलं.

गणिती
सोबतीचा धागा वेगळा काढा. गणितावर कुणीच बोललेलं नाही.

बोट आणि तोंड जुळत नसेल तर बोटाने दाखवून मोजणं आधी थांबवा. वस्तू एकेक उचलून दुसऱ्या डब्यात टाकायची आणि टाकतानाच आकडा म्हणायचा. सगळं मोजून झालं की 'किती?' विचारा. तिने पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं, तर शेवटचा आकडा म्हणजेच एकूण संख्या हे अजून उमगलेलं नाही. ते उमगल्याशिवाय बेरजेला हात लावू नका, मग पन्नासपर्यंत येवो नाहीतर पाचशेपर्यंत.

वर्षअखेरीला २० च्या आतली बेरीज-वजाबाकी आणि १०० पर्यंत दशक-एकक आलं तर पुष्कळ झालं. १० च्या जोड्या (१ नि ९, २ नि ८, ३ नि ७) झोपेतून उठवून विचारल्या तरी आल्या पाहिजेत. क्विझनेर कांड्या घ्या, १ सेंमीपासून १० सेंमीपर्यंत दहा लांब्या, प्रत्येकीचा रंग वेगळा. लाकडीच घ्या, मी चांगल्यातल्या घेतल्यात.

जाता जाता, मराठीत खरा घोळ वीसच्या पुढे आहे. त्रेपन्न म्हणताना तीन आधी ऐकू येतो, म्हणून मूल ३५ लिहून मोकळं होतं. त्यात एकोणपन्नास! २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास तीन' आणलं होतं ते मला तरी पटलं होतं.

सांजवारा
अजिबात नाही पटणार. पिढ्यान् पिढ्या त्रेपन्न म्हणतच गणित शिकल्या. उद्या पाढे पण नकोत म्हणाल.

गणिती
पाढ्यांचा विषय मी काढलेला नाही. म्हणायला त्रेपन्नच ठेवा, पण लिहिताना काही दिवस 'पाच दशक, तीन' म्हणून घ्या, एवढाच मुद्दा.

जुळ्यांची_मावशी
त्या कांड्यांतली १ सेंमीची दोन वर्षांच्या पोराच्या हाती लागली तर घशात जाईल. धाकटा तोंडात घालतो असं त्यांनी लिहिलंय, वाचता की नाही? झाडूच्या काड्या नाहीतर पेन्सिली घ्या, दहा-दहाचे गठ्ठे करून रबर लावा. फुकट आणि लांबलचक. रबरं तेवढी वर ठेवा.

आणि दीड तास लेकीचा धरून चालू नका, धाकटा तो मिळू देणार नाही. सुरुवातीची पंधरा मिनिटं त्यालाच द्या, मांडीवर घेऊन, पुस्तक, गाणी, काय हवं ते. तो भरला की आपणहून उठून जातो. आधी लेकीला घेऊन बसलात तर तो सगळा वेळ तुमच्या पदराला लोंबकळणार. मी हे दोन्हीही पाहिलंय.

सुबक_नेटकी
कांड्या त्या खोक्यात येतात बरं का. वेगळ्या घ्याव्या लागत नाहीत.

सांजवारा
आखणीचं सांगते. बहुतेक जण ३६ आठवडे गुणिले ५ दिवस म्हणजे १८० दिवस असा हिशोब मांडतात. मीही वर्षाचा रंगीत तक्ता केला होता, चार रंगांची शाई, प्रत्येक चौकोनात धडा. मग घरात कांजिण्या आल्या, दोघांना एकापाठोपाठ एक, आणि तक्ता असा सरकला की दिवाळखोराच्या वहीसारखी नुसती बाकी ओढत राहिले.

आता सहा आठवड्यांचंच ठरवते. सहा आठवडे काम, सातवा रिकामा. असे सहा तुकडे केले की ३६ भरतात. आठवड्यातले चारच दिवस धड्यांचे, पाचवा राहिलेलं उरकायला आणि वाचनालयाला. शार्लट मेसनबाई (जुन्या इंग्रज शिक्षणतज्ज्ञ) लहान मुलांचा धडा २० मिनिटांच्या वर जाऊ देत नसत, त्या हिशोबाने दीड तास भरपूर होतो. वाचन, गणित, लिहिणं, आणि उरलेल्या वेळात तुम्ही मोठ्याने गोष्ट वाचायची. शेवटचं चुकवू नका, बाकी काही राहिलं तरी चालेल.

वहीत 'करायचं' लिहू नका, 'झालं' लिहा. कुणी तपासायला आलं तरी तीच वही दाखवता येते. महिन्यातून एकदा तिचं वाचन फोनवर रेकॉर्ड करा.

कायद्याचं_बोला
तपासायला येणारं कोण, ते देशावर अवलंबून आहे. हेच मी वर म्हटलं होतं.

वाचनमात्र
एरवी टंकायचा कंटाळा, पण राहवलं नाही. सहाव्या वर्षी एवढं गणित कशाला? फिनलंडमध्ये सक्तीचं शालेय शिक्षणच मूल सात वर्षांचं होतं त्या वर्षी सुरू होतं. आणि अमेरिकेतल्या मँचेस्टर गावात बेनेझेट नावाच्या शाळाप्रमुखांनी १९२९ च्या सुमारास काही वर्गांत पुस्तकी अंकगणित सहावीपर्यंत पुढे ढकललं होतं. मुलं नंतर एका वर्षात बाकीच्यांच्या बरोबरीला आली.

गणिती
अर्धवट माहिती. त्या वर्गांत पुस्तकी हिशोब नव्हते, पण लांबी-वजनाचे अंदाज, घड्याळ, पैसे, पुस्तकातली पानं शोधणं हे सगळं चालू होतं. तुमचा प्रतिसाद वाचून लोक काहीच करणार नाहीत.

चिरंजीवाची_आई
वाचनमात्र +१. आमच्याकडे हेच झालं. आता ऑलिंपियाडला बसतोय.

निवृत्तबाई
फिनलंडमध्ये त्याआधीचं एक वर्ष पूर्वतयारीचं असतं, तेही सांगा. टिकलीबाई, दशक-एकक या वर्षी सोडू नका. इथे गणितींशी सहमत आहे.

टिकलीबाई
सगळ्यांचे आभार. ठरलं ते सांगते, म्हणजे धागा मार्गी लागेल.

वाचन निवृत्तबाईंच्या क्रमाने. 'काका, गा ना' काल झालं, तिचा काका फोनवर गायलासुद्धा. धाकट्याला आधी पंधरा मिनिटं हे तीन दिवस करून पाहिलं. एक दिवस जमलं, दोन दिवस तो उठलाच नाही, तरी चालू ठेवणार. सहा आठवड्यांची आखणी घेतली.

गणिताचं मात्र तुम्हा कुणाचंच ऐकत नाहीये. वह्या, बेरजा, गठ्ठे पहिले सहा महिने काहीच नाही. फक्त फासे, पत्ते, सापशिडी, आणि रोज कपडे वाळत घालताना चिमटे मोजायचे. काल एकतीस चिमटे एकेक बादलीत टाकत बरोब्बर मोजले. मग किती विचारलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू. म्हणजे गणिती म्हणतात तसंच आहे. पण ते खेळूनच येऊ दे.

गणिती
सहा महिने फार आहेत. तीन करा.

निवृत्तबाई
सापशिडीत निदान दोन फासे घ्या. बेरीज आपोआप होते.

टिकलीबाई
दोन फासे चालतील. सहा महिनेच.

बाबा_वैतागे
सापशिडीत त्रेपन्नवर साप असला तर वाद परत सुरू होईल.

नवी_पालवी
छान धागा! सगळा वाचला नाही, पण आमचाही सहा वर्षांचा आहे, घरीच करायचंय. लॅमिनेटर कुठला चांगला?

सुबक_नेटकी
विपूत (विचारपुशीत) सांगते.